ग्लेब झिमिनचा डावा गुडघा

"वास्या, हळू. पाय आहे तो, कणीक नव्हे."

"कणीक असती तर बरं झालं असतं," मी म्हटलं. "कणकेत खडे नसतात."

ग्लेब झिमिन मालिशच्या टेबलावर उताणा पडला होता आणि त्याचा डावा गुडघा माझ्या दोन तळव्यांत होता. पाय दुमडला की आतून आवाज यायचा, जात्यात खडा सापडल्यासारखा. तो आवाज त्यालाही ऐकू यायचा, मलाही. दोघंही तेवढ्यापुरतं जरा मोठ्यानं बोलायचो.

"उद्या लोमाकिन येणार," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"सरावाला बसणार. हातात यादी घेऊन."

"तेही माहीत आहे. दूधवालीनं सांगितलं. पाय सैल सोड."

वास्या म्हणजे मी. कागदोपत्री विश्वास मगदूम, शुक्रवार पेठ, कोल्हापूर. डॉक्टर व्हायला रशियाला गेलो आणि तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत तीनदा आपटलो. घरी कळवायची छाती नव्हती. अंगात विद्या म्हणाल तर एकच, तालमीत शिकलेली मालीश. तेवढ्यावर यारोव्का नावाच्या एका पोलादाच्या गावात, उरल डोंगराच्या पायथ्याला, हॉकी क्लबात चिकटलो. ही हॉकी म्हणजे आपली नव्हे, बर्फावरची. पायात पाती बसवलेले बूट, हातात काठी, आणि चेंडूऐवजी रबराची काळी चकती. गडी एकमेकांना असे धडकतात की आपल्या कुस्तीत पंचांनी शिट्टी फुंकून फुंकून जीव दिला असता.

मालीशवाल्याला माणसाची कुंडली लागत नाही, पाठ पुरते. ग्लेबची सगळी कारकीर्द माझ्या हाताखालून जायची. उजव्या खांद्यावरची गाठ मॉस्कोची, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी गावचा क्लब सोडून तो तिकडं गेला तेव्हाची. डावीकडच्या दोन बरगड्या अमेरिकेच्या. तिथं एका मोठ्या क्लबानं नेला होता. चाळीस दिवस राहिला, सहा सामने खेळला आणि परत आला. का आलास विचारलं की म्हणायचा, "पाव गोड होता रे तिथला." भुवईवरचे टाके ओम्स्कचे. नाक चार वेगवेगळ्या गावांचं. फॉरवर्ड म्हणजे पुढं राहून गोल करणारा गडी, आणि गोल जाळीसमोर होतो, आणि जाळीसमोर उभं राहणाऱ्याला सगळेच मारतात. असा एकोणीस वर्षं सात गावं मार खाऊन अडतिसाव्या वर्षी तो यारोव्काला परत आला होता.

कशासाठी, ते सांगतो. बापासाठी.

सेम्योन झिमिन, कारखान्यातला क्रेनवाला. ग्लेब पाच वर्षांचा असताना त्यानं इमारतीच्या आवारात नळी लावून पाणी सोडलं, बर्फ जमवला आणि पोराला त्यावर उभं केलं. चौदा वर्षं शिकवलं. मग पोरगं मॉस्कोला निघालं तेव्हा म्हातारा स्टेशनवर म्हणाला होता, "जा. पण मी बघायला येणार नाही. आपल्या गावाची जर्सी घालून खेळशील तेव्हा येईन." आणि खरंच आला नाही. टीव्हीवर ग्लेब दिसला तर उठून भांडी घासायला जायचा, असं ग्लेबची आई सांगायची.

यंदा ग्लेबनं गावाची जर्सी घातली, आणि हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात म्हातारा जिन्यात पडला. कंबरेचं हाड. सप्टेंबरपासून अंथरुणात. आत्ता कुठं डॉक्टरनं परवानगी दिली होती, शनिवारी दोन तास बाहेर नेलात तर चालेल म्हणून. शनिवारी बाद फेरीचा पहिला सामना, आमच्याच मैदानावर. बाद फेरीची बावीस जणांची यादी मंगळवारी लोमाकिन सही करून पाठवणार. एकदा गेली की बदल नाही.

लोमाकिन कारखान्याचा मोठा साहेब, आणि क्लब कारखान्याचा. हॉकीतलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं. गोल झालेला त्याला लोक उठून उभे राहिले की समजायचा. पण सही त्याची. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की लंगडी घोडी यादीत नकोत.

"उद्या एक तास," ग्लेब छताकडं बघत म्हणाला. "एक तास हा पाय टिकव वास्या. नंतर तो कुत्र्याला घाल."

"कुत्रंही खाणार नाही. कापूर लावलाय."

तो हसला नाही. ग्लेब हसला नाही म्हणजे मामला गंभीर, कारण क्लबात माझ्या तोडीचा खोडकर तो एकटाच होता.

खोडीचं माझं असं आहे की दिवसात एक काढल्याशिवाय मला जेवण जात नाही. गोलकीपरच्या जॅमच्या पावात घरून आलेला कांदा-लसूण मसाला घातला होता. तो पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी अजून आहे का विचारायला आला. सगळ्यांच्या डाव्या हातमोज्यांची बोटं शिवून टाकली होती. पण खोड्यांची राणी ग्लेबनं मला शिकवली. हॉकीवाले पायमोजे सरकू नयेत म्हणून पोटरीवर पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळतात. तिचाच एक तुकडा स्केटच्या पात्याला खालून, लांबीनं चिकटवायचा. दिसत नाही. मग गडी ऐटीत दारातून बर्फावर येतो, आणि पहिल्याच पावलाला पाय वर, ढुंगण खाली. पात्याला बर्फ धरताच येत नाही ना.

जानेवारीत मी ती तोल्यावर केली. तोल्या म्हणजे आमचा बचावातला गडी, एकशे दहा किलोचा. पडला तो पडला, दाराची झडपही घेऊन पडला. त्या दिवशी कोचनं मला खोलीत बोलावलं. पावेल इग्नातिच नाव त्याचं. तिकडं वडीलधाऱ्याला बापाचं नाव जोडून हाक मारतात, आपण आबा-अण्णा म्हणतो तसं. समोरचे चार दात नव्हते, खेळताना गेले होते. बोलायचा कमी, आणि जे बोलायचा ते त्या फटीतून शिट्टी वाजल्यासारखं यायचं.

"वास्या. चहात काय घालायचं ते घाल. बुटांत काय घालायचं ते घाल. स्केटला परत हात लावलास तर त्याच दिवशी घरी."

"हो, पावेल इग्नातिच."

आणि मी खरंच परत लावला नव्हता.

मंगळवारी सकाळी लोमाकिन आला. डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, मांडीवर यादी, शेजारी थर्मास. कुंपणाला लागून पहिल्या रांगेत बसला. मी खेळाडूंच्या बाकामागं उभा, गळ्यात टॉवेल, एप्रनच्या खिशात तेलाची बाटली, कात्री आणि चिकटपट्टी.

ग्लेब चांगला फिरला. सुरुवातीच्या फेऱ्या मारल्या, मग पास दिले-घेतले, मग उलटं पळणं. वयानं वेग कमी झाला होता, पण चकती त्याच्या काठीला पाळलेल्या मांजरासारखी चिकटून यायची. लोमाकिननं मान डोलवली. मला वाटलं, निभावलं. पंचवीस मिनिटं झाली असतील.

मग इग्नातिचनं वळणं घ्यायला लावली. उजवीकडचं वळण नीट गेलं. डावीकडं वळताना ग्लेबचा पाय त्याच्या अंगाखालून निघूनच गेला. कुणी धडकलं नाही, कुणी हात लावला नाही. एकटाच पडला आणि घसरत जाऊन कुंपणाच्या फळीवर आदळला, बरोबर लोमाकिनच्या समोर.

पडल्यावर तो उठला नाही. लोमाकिननं खिशातून पेन काढलं.

मी कसा गेलो मला आठवत नाही. रबरी तळव्याच्या बुटांनी बर्फावर पळालो, एकदा गुडघ्यावर पडलो, पोचलो. ग्लेबचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"वास्या, गेला रे."

"काही गेलं नाही. गप पड."

"म्हाताऱ्याला काय सांगू?"

मी लोमाकिनकडं पाठ करून बसलो. माझी पाठ तालमीची आहे, तिच्यामागं म्हैस लपते. खिशातून पट्टी काढली, वीतभर कापली, डाव्या पात्याला खालून चिकटवली, अंगठ्यानं दाबली. आणि लगेच टर्रकन ओढून काढली आणि ती हातात धरून उभा राहिलो.

"मी लावली," मी ओरडलो. "पट्टी मी लावली होती त्याच्या स्केटला. मस्करी केली. मला काय माहीत एवढा पडेल."

सगळं मैदान थांबलं. बावीस गडी माझ्याकडं बघत होते आणि एकाचाही आवाज नाही. तीन सेकंद असतील, पण त्या तीन सेकंदांत मला घाम फुटला, उणे सात तापमानात. मला वाटलं आता हे मला इथंच बर्फात पुरणार.

मग तोल्या म्हणाला, "परत?"

आणि हसायला लागला. मग गोलकीपर हसला, मग सगळे. ग्लेबनं माझ्याकडं बघितलं, खालून वर, एकदाच. मग त्यानं मला आईवरून अशी शिवी घातली की लोमाकिनच्या थर्मासचं झाकण पडलं. तोल्यानं आणि आणखी एकानं त्याला दोन्ही बगलांत धरून उभं केलं आणि तिघं तसेच, नवरदेवाला बोहल्यावर नेतात तसे, माझ्या मागं लागले. बाकीचे त्यांच्या भोवती. मी पुढं पळतोय, पडतोय, उठतोय. मागं सगळा संघ काठ्या आपटत. कोपऱ्यात गाठलं आणि माझ्या शर्टात बर्फाचा चुरा भरला, पार कमरेपर्यंत. मी आतून खूश. म्हटलं, मगदूम, अख्खं मैदान फसवलंस.

इग्नातिचची शिट्टी वाजली.

"वास्या. जानेवारीत काय सांगितलं होतं?"

"स्केटला हात लावला तर घरी."

"मग?"

"जातो, पावेल इग्नातिच."

तो पाठ फिरवून उभा राहिला आणि तोंडावर हातमोजा धरून खोकायला लागला. बराच वेळ खोकला. मला वाटलं संताप आवरतोय.

"असली माणसं ठेवता तुम्ही?" लोमाकिन म्हणाला.

"आजपासून नाही ठेवत."

"आणि झिमिन? पाय ठीक आहे त्याचा?"

"पट्टी लावली तर मीही पडेन," इग्नातिच म्हणाला. "तुम्हीही पडाल."

लोमाकिनला ते आवडलं. हसत हसत सही केली. यादीत अकरावं नाव झिमिन.

दुपारी मी पिशवी भरत होतो. तेलं, टॉवेल, मारुतीची तसबीर. इग्नातिच आत आला आणि टेबलावर एक बरणी ठेवली. आंबवलेल्या काकड्या.

"बायकोनं दिल्यात."

"मला? कशाबद्दल?"

"यंदा काकड्या जास्त झाल्या." दारापर्यंत गेला आणि वळला. "शनिवारी खाली दिसू नकोस. वर प्रेक्षकांत बस. झिमिनच्या म्हाताऱ्याला आणायला कुणीतरी लागेलच. चौथा मजला आहे, लिफ्ट नाही."

कामावरून काढलेल्या माणसाला काकड्या कोण देतं? मी विचार केला, वेडे लोक आहेत, आणि एक काकडी खाल्ली.

शनिवारी मी झिमिनांकडं गेलो. म्हातारा खाटेवर बसून तयार होता. सूट, टाय, कारखान्याचं पदक, आणि पायात लोकरीचे बूट. ग्लेबची आई त्याच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळत होती आणि तो तिला हाकलत होता.

"तू वास्या?"

"हो, सेम्योन मक्सिमिच."

"तो पट्टीवाला?"

"तोच," मी मान खाली घालून म्हटलं.

"हं," म्हातारा म्हणाला आणि माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. "खुर्ची-बिर्ची आणलीस का?"

"पाठीवर नेतो तुम्हाला. कोल्हापूरची पाठ आहे."

"आधी बस."

"उशीर होईल."

"बस म्हटलं ना. बसल्याशिवाय निघायचं नाही."

ही त्यांची रीत. घरातून लांब निघताना सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं, मगच उठायचं. नाही बसलं तर वाटेत काहीतरी घडतं म्हणतात. आम्ही तिघं बसलो. म्हातारीनं डोळे पुसले. मग मी त्याला पाठकुळी घेतला आणि जिना उतरायला लागलो.

दुसऱ्या मजल्यावर म्हातारा कानाशी म्हणाला, "काय रे, किती लांब होती पट्टी?"

"वीतभर."

"आणि डाव्याच पायाला?"

"डाव्याच."

माझ्या पाठीवर तो हलायला लागला. मला वाटलं थंडी वाजतेय. म्हटलं, मफलर नीट घ्या.

मैदान भरलं होतं. आम्हाला कडेची जागा मिळाली. ग्लेब बर्फावर आला तेव्हा म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. एकोणीस वर्षांनी बघत होता. बोलला काय, तर, "पोट सुटलंय."

"जर्सी ढगळ आहे," मी म्हटलं.

"मी क्रेनवर चाळीस वर्षं काढली. वजन मला कळतं."

इग्नातिच ग्लेबला तीस-चाळीस सेकंदच आत सोडायचा आणि लगेच बाहेर घ्यायचा. आत आला की ग्लेब सरळ जाळीसमोर जाऊन उभा राहायचा. पळायचा नाहीच. समोरचे दोघं त्याच्या पाठीवर काठ्या मारायचे, कंबरेत ढकलायचे, आणि तो खांबासारखा उभा. माझ्या हाताखालून गेलेली एकेक जागा मला दिसत होती. तो खांदा. त्या बरगड्या. डाव्या पायावर भार अजिबात टाकत नव्हता.

"आवारात पण असाच उभा राहायचा," म्हातारा म्हणाला. "मी सांगायचो, जाळीसमोरून हलू नको. मार खा, पण हलू नको. गोल तुला शोधत येईल."

"आणि यायचा?"

"कधी कधी."

दुसऱ्या भागात आम्ही एक-दोननं मागं होतो. ग्लेब परत आत आला, परत तिथंच उभा राहिला. तोल्यानं लांबून आंधळा फटका मारला. एकशे दहा किलोचा फटका. ग्लेबची तोल्याकडं पाठ होती असं म्हणावं तर तसंही नाही. तो कुणीतरी ढकलल्यानं अर्धा वाकला होता. चकती आली आणि त्याच्या ढुंगणावर बसली, फट्कन, वरपर्यंत ऐकू आलं. आणि तिथून उडून जाळीत गेली.

पंचानं हात जाळीकडं दाखवला. गोल.

लोक उठले. लोमाकिनही उठला, म्हणजे त्यालाही कळलं. खाली बर्फावर सगळे ग्लेबवर पडले होते आणि तो मधे एक हात पाठीमागं धरून उभा होता, आणि वर बघत होता. आमच्याकडं.

म्हातारा बसूनच होता. त्याला उठता येत नव्हतं. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

"एकोणीस वर्षं," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं थांबलो मी. आणि हा माणूस ढुंगणानं गोल करतो."

"नियमात बसतो," मी म्हटलं.

"गाढवा, मला नियम शिकवतोस?" त्यानं माझा हात धरला आणि सामना संपेपर्यंत सोडला नाही. आम्ही तो सामना दोन-तीननं हरलो. परत नेताना जिन्यातून चौथ्या मजल्यापर्यंत तो मला एकच गोष्ट सांगत होता. हलला नाही बघ. जागेवरून हलला नाही.

ग्लेबचा तो शेवटचा सामना. सोमवारी गुडघ्याचा फोटो काढला, आणि डॉक्टर म्हणाला की या पायावर हा माणूस बर्फावर उभा होता हे कागदावर लिहिलं तर मला कुणी नोकरीवर ठेवणार नाही. मे महिन्यात मी कोल्हापूरला परत आलो. म्हातारा पुढच्या वर्षी गेला.

ही गोष्ट मी एकवीस वर्षं लोकांना सांगत आलो. पेठेत, तालमीत, लग्नाच्या पंगतीत. आपल्या मगदुमानं रशियात एक कोच, एक साहेब आणि बावीस पैलवान एका वीतभर पट्टीवर कसे फसवले. लोक टाळ्या द्यायचे. बायकोला, शैलाला, तोंडपाठ आहे. मी सुरू केली की ती भाजी निवडायला घेते.

गेल्या जानेवारीत ग्लेब आला. रशियन लोक थंडीत गोव्याला येतात, तसा तोही आला होता, आणि गाडी करून थेट शुक्रवार पेठेत. एकोणसाठ वर्षांचा, टक्कल, गुडघा आता धातूचा. शैलानं तांबडा-पांढरा रस्सा केला. पांढरा सहा वाट्या प्याला आणि तांबड्याकडं बोट दाखवून म्हणाला, "हा तो गोलकीपरचा जॅम ना?"

जेवण झाल्यावर त्याला माझ्या मालिशच्या टेबलावर घेतला. हाताखाली तीच गाठ, त्याच बरगड्या. सगळं जागेवर होतं, फक्त गुडघ्यातले खडे गेले होते. मी मजेत आलो आणि सुरू केलं.

"लोमाकिनचं तोंड आठवतं? मी पट्टी वर धरली तेव्हा?"

"आठवतं."

"आणि इग्नातिच. कसला तापला होता. सगळ्यांना टोपी घातली मी त्या दिवशी."

ग्लेब पालथा पडला होता. टेबलाला तोंडासाठी भोक आहे, त्यातून त्याचा आवाज आला. "वास्या. पट्टी लावलेला गडी कधी पडतो?"

"पहिल्याच पावलाला," मी म्हटलं. "तूच शिकवलंस की."

"आणि मी पडलो तेव्हा किती वेळ फिरत होतो?"

माझे हात थांबले.

पंचवीस मिनिटं. फेऱ्या, पास, उलटं पळणं, उजवं वळण. पट्टी असती तर दारातच पडला असता. पाळण्यात स्केट बांधलेल्या त्या बावीस जणांत हे न कळणारा एक नव्हता. मैदानात फक्त दोघांना ते कळलं नव्हतं. एक लोमाकिन. आणि एक कोल्हापूरचा.

"तोल्याला?" मी विचारलं.

"तू तोंड उघडलंस तेव्हाच. त्यानं मला बगलेत का धरलं असं तुला वाटलं? माझा डावा पाय बर्फाला टेकतच नव्हता. बाकीचे भोवती आले ते लोमाकिनला दिसू नये म्हणून."

"इग्नातिच?"

"पाठ फिरवून हसत होता. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्या पोराला रिकाम्या हातानं घालवू नका."

"काकड्या," मी म्हटलं.

"काकड्या."

मी स्टुलावर बसलो. तेल बोटांवरून फरशीवर गळत होतं.

"आणि म्हातारा?"

"त्यांना मी शुक्रवारी सांगितलं होतं. रात्रभर झोपले नाहीत, तुला कधी बघतो म्हणून."

म्हणजे पाठीवर तो थंडीनं हलत नव्हता.

"मग मला का नाही सांगितलं कुणी? एकवीस वर्षं?"

ग्लेबनं भोकातून मान काढली आणि माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी बर्फावर बघितलं होतं तसंच, खालून वर.

"इग्नातिचनं सगळ्यांना दम दिला होता. म्हणाला, ह्या गड्यानं आपली नोकरी घालवून आयुष्यातली सगळ्यात मोठी खोडी काढलीय. ती चाललीच नाही असं त्याला सांगितलं तर तुमची खैर नाही."

 मी त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि उगाचच रगडत बसलो. शैलाला रशियन एक अक्षर कळत नाही. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "का हो, रडताय कशाला? दुखावलं की काय त्यांना?"

तीन वाजता ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. त्याला उजेड असताना घाट उतरायचा होता. मी मसाल्याची पिशवी बांधायला स्वयंपाकघरात पळालो. ग्लेब बाहेरून ओरडला, "वास्या, निघण्याआधी बसायचं असतं."

"बसतोय कुठं आता, तो घाई करतोय," मी आतूनच म्हटलं.

मी बाहेर आलो तोवर तो गाडीत बसला होता, काच खाली करून. चेहरा अगदी साधा. मी पिशवी छातीशी धरली, उंबऱ्यापाशी काढलेल्या चपलांत घाईनं पाय घातले आणि फरशीवर पाऊल टाकलं.

पहिल्याच पावलाला. पाय वर, ढुंगण खाली, मांडीवर मसाल्याची पिशवी.

शैला धावत आली. मी बसल्या जागी एक चप्पल काढून उलटी केली. तळव्याला पारदर्शक पट्टी होती, लांबीनं लावलेली, सरळ, एक सुरकुती नाही.

ग्लेबनं काचेतून मान बाहेर काढली.

"हां," तो म्हणाला. "आता बसलास. निघतो मी."